कॉलेजच्या ट्रॉफ्या, ब्लेझर, टीमचे फोटो: दर पावसाळ्यात परत येणारी बुरशी आणि काळे-हिरवे डाग

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्याकडचा प्रॉब्लेम हाच आहे का ते कळेल.

जून संपता संपता कपाट उघडलं की कुबट वास येतो. ब्लेझरच्या कॉलरखाली, काखेत, खिशाच्या आत करडे-पांढरे ठिपके पडतात, म्हणजे जिथे खेळाडूचा घाम मुरलेला असतो तिथे आधी आणि छातीवरच्या क्रेस्टवर सगळ्यात शेवटी. जुन्या सीझन बॉलवर शिवणीच्या कडेने पांढरी लव येते. ट्रॉफ्या आधी पिवळट, मग काळपट होतात, पितळी भागांच्या खाचेत हिरवी पूड दिसते. फिरत्या ढालीवर वर्ष आणि कॅप्टनचं नाव कोरलेले छोटे पत्रे असतात ना, त्यांचे खिळे गंजून लाकडावर तपकिरी ओघळ येतात. टीमचा ग्रुप फोटो काचेला चिकटतो आणि चिकटलेल्या जागी ओलसर चमक दिसते. सर्टिफिकेटांच्या पिना गंजून कागदाला भोकं पडतात.

आणि सगळ्यात मोठं लक्षण म्हणजे हे सगळं पुसून झाडून ठेवलं तरी पुढच्या पावसात त्याच कपाटात, त्याच खणात, बऱ्याचदा त्याच वस्तूवर परत येतं. एखाद वर्षीच आलं असेल तर कौल फुटलेलं असेल, ते बघून घ्या आणि विषय संपवा. ही पोस्ट दरवर्षी येणाऱ्या दुखण्याबद्दल आहे. विद्यापीठाच्या अर्काइव्हसाठी (जुन्या कागद-वस्तूंच्या संग्रहासाठी) किनाऱ्यावरच्या कॉलेजांमधून जिमखान्याचं जुनं सामान आमच्याकडे येतं आणि दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठूनही आलं तरी कहाणी तीच असते. आमचे शिपाईमामा म्हणतात, "मॅडम, ह्यां दर वर्साचांच, पुसून टाकूचां." तर मामा, पुसूनच तर परत येतं. कारण वस्तूत नसतं, ती ज्या हवेत ठेवलीय तिथे असतं आणि आपण वर्षानुवर्षं फक्त वस्तूच घासत बसतो.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. फुकटातलं आधी, पैशातलं नंतर, आणि वस्तूला हात लावायचं काम सगळ्यात शेवटी.

नाक, टॉर्च आणि एक कोरडा ब्रश

खर्च शून्य. पंखा बंद करा (चालू पंख्यात बुरशीचं कपाट उघडणं म्हणजे अख्ख्या खोलीला बी पेरणं), एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, ज्यांना दमा किंवा ॲलर्जी आहे त्यांनी खोलीबाहेर थांबा. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरपी धरा, तरच लव दिसते. आता मऊ कोरड्या ब्रशचं टोक ठिपक्याच्या कडेला जरासं टेकवा. पूड होऊन सुटली तर बुरशी सुकलेली, झोपलेली आहे. चिकट होऊन फासली गेली तर ती जिवंत आहे आणि तिला आत्ता अजिबात झाडायचं नाही, आधी वस्तू सुकवायची. हा फरक कळणं महत्त्वाचं कारण ओली बुरशी पुसली की ती कापडाच्या विणीत आणि कागदाच्या आत घुसते, डाग कायमचा होतो.

हे करताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि वस्तूवरचं, वस्तूमागचं, खोक्यावरचं जे जे लिहिलंय ते वाचून वहीत उतरवा. साफसफाईत पहिली जाते ती चिठ्ठी. आणि ह्या चिठ्ठ्या-पत्र्यांवरूनच तर वस्तूचं वय कळतं. ढाल सावंतवाडीची किंवा मालवणची आणि पत्र्यावर 'जि. रत्नागिरी' असेल तर ती १९८१ च्या आधीची, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. सर्टिफिकेटवर इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड असेल तर साधारण १९७३ च्या आधीचं, त्यानंतर तीच संस्था असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज झाली. युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे असं छापलेलं असेल तर १९९६ च्या आसपासचं किंवा आधीचं, त्या वर्षी नावात मुंबई आलं (आसपासचं म्हणते कारण जुने छापील कागद संपेपर्यंत वापरायची आपली सवय). गंजलेला पत्रा तार घेऊन घासला की हा सगळा पुरावा गेला.

कपाट कुठे उभं आहे

हेही फुकट, फक्त दोन माणसं लागतात. कपाट बाहेरच्या भिंतीला, त्यातून पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीला टेकलेलं आहे का? पाऊस तिकडूनच झोडपतो. चिऱ्याची भिंत पाणी पिते, आतून प्लास्टर असलं तरी ओल आत येते आणि कपाटाच्या पाठीमागे हवा हलत नाही म्हणून तिथेच बसून राहते. कपाट ओढून पाठीमागे हात घाला. पत्रा गार आणि दमट लागला, भिंतीचे पोपडे सुटलेत, पांढरा खार फुटलाय, तर अर्धं निदान इथेच झालं. कपाट आतल्या भिंतीकडे न्या, भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून चारेक इंच वर, खाली विटा नकोत (त्याही पाणी ओढतात), लोखंडी स्टँड किंवा प्लास्टिकचे ठोकळे ठेवा. मला विचाराल तर निम्म्या ठिकाणी एवढ्यानेच पुढचा पावसाळा बरा जातो आणि एवढंच कोणी करत नाही, कारण कपाट जड असतं आणि जिमखाना सेक्रेटरी दरवर्षी बदलतो.

मग ऊन आहे म्हणून खिडकी उघडायची का? पावसाळ्यात नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. त्या चार महिन्यांत बाहेरची हवा आतल्याहून ओली, त्यात समुद्राचा खार. वारा द्यायचा तो डिसेंबर ते फेब्रुवारी, दुपारी, आणि सावलीत. ब्लेझर अंगणात दोरीवर उन्हात टाकू नका, रंग उडतो आणि परत येत नाही.

वस्तूच्या सोबतीला काय आहे

खोकं उघडा आणि वस्तू सोडून बाकी काय काय आहे ते बघा. रबर बँड, फोमचा तुकडा, लोकरीचं कापड, वर्तमानपत्र, स्टेपलच्या पिना, सेलोटेप, डांबराच्या गोळ्या, वास येणारं प्लास्टिक. हे सगळं बाहेर काढा. रबर आणि लोकरीतून गंधकाचे वायू सुटतात आणि चांदी काळी पडते ती मुख्यत्वे गंधकामुळेच, म्हणजे ट्रॉफी लोकरीच्या ब्लेझरमध्ये छान गुंडाळून ठेवली की ती काळी पडणारच. वर्तमानपत्र आम्लाने पिवळं पडतं आणि शेजारच्या सर्टिफिकेटलाही पाडतं. डांबराच्या गोळ्यांनी काही जातीचं प्लास्टिक मऊ पडतं, शिवाय बंद खोलीत रोज तो वास घेणं माणसालाही चांगलं नाही. कडुलिंबाचा पाला पण नको, श्रद्धा असली तरी ताजा पाला स्वतःच पाणी घेऊन येतो.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम असतील तर वेगळे काढून ठेवा, फोटो उपटू नका, त्याचं खाली सांगते. पिना काढताना ओढू नका, पातळ सुरीने पाय सरळ करून काढा. वस्तू गुंडाळायला धुतलेलं पांढरं सुती कापड चालतं, जुनी धोतरं उत्तम, पण स्टार्च आणि नीळ नको.

मीटर घ्या आणि मिठाने तपासा

इथून खर्च सुरू, पण तीन-चारशे रुपयांचा. हवेतली आर्द्रता दाखवणारा डिजिटल हायग्रोमीटर ऑनलाइन मिळतो, दोन घ्या, एक खोलीत आणि एक कपाटाच्या आत. स्वस्त मीटर पाच-सात टक्के खोटं बोलतात म्हणून आधी मिठाची टेस्ट करा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यावर थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच, मीठ विरघळून पाणी साचता कामा नये. हे झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवं. ८० दाखवलं तर तुमचा मीटर पाच जास्त दाखवतो, मीटरवर तसं लिहून चिकटवून टाका.

आता आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा, आणि जमलं तर रविवारी सुद्धा. आकडा ६०च्या खाली राहिला तर बुरशी सहसा वाढत नाही. ६५-७०च्या वर काही दिवस सलग राहिला की ती उठते. कपाटाच्या आत खोलीपेक्षा जास्त दिसत असेल तर ओल भिंतीतून किंवा वस्तूंमधूनच येतेय. दोन्हीकडे सारखंच ८५ असेल तर अख्ख्या खोलीचा प्रश्न आहे, एका कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून काही होणार नाही.

पुड्यांबद्दल बोललंच पाहिजे. ते दोन-चार ग्रॅमचे पाऊच बुटांच्या खोक्यात असतात ते कपाटात टाकणं म्हणजे मनाची समजूत. सिलिका जेल फक्त घट्ट बंद डब्यात काम करतं, आणि भरपूर लागतं. रबरी गॅस्केटचं झाकण असलेला ५० लिटरचा डबा असेल तर किलोभर जेल धरा. केशरी रंगाचं घ्या, निळं टाळा (त्यात कोबाल्ट असतं). रंग हिरवट झाला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशावर दोनेक तास सुकवून परत वापरता येतं. आणि ओलसर वस्तू कधीही डब्यात बंद करू नका, ती आतच शिजेल. मेडल्स, बॅज, सर्टिफिकेटं ह्यांना हा उपाय एकदम बेस्ट, ब्लेझर आणि ढालींना डबे पुरत नाहीत.

भिंत की हवा

दीड-दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी टेपने सील करून दोन दिवस ठेवा, तसाच एक जमिनीवर. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतल्या हवेतून. आतून आलं तर बाहेर जाऊन बघा, पागोळ्या भिंतीच्या पायाशीच पडतायत का, गटार तुंबलंय का, पन्हळ फुटलीय का, बाहेरून मातीची पातळी आतल्या जमिनीपेक्षा वर आलीय का. आतून वॉटरप्रूफ रंग मारून घेऊ नका, पाणी तिथेच अडकून वर चढतं आणि पुढच्या वर्षी दोन फूट वरून पोपडे सुटतात. हे काम गवंड्याचं आणि ते मिरगाच्या आधी व्हायला हवं, म्हणजे पत्र फेब्रुवारीत टाका, कॉलेजची मंजुरी कशी येते ते तुम्हाला माहीत आहेच.

एसी

बऱ्याच ठिकाणी खरा चोर हाच असतो. कोणी तरी चांगल्या मनाने अर्काइव्हला एसी दिला, तो सकाळी दहाला लागतो आणि साडेपाचला बंद. दिवसभर धातूच्या वस्तू २४ अंशापर्यंत गार झालेल्या असतात. एसी बंद झाला, दाराच्या फटीतून बाहेरची ३० अंशाची ८० टक्के ओलीची हवा आत आली. त्या हवेतलं पाणी साधारण २६ अंशाला दव होऊन बसायला लागतं, म्हणजे २४ अंशावरच्या चषकावर रोज संध्याकाळी दव पडणारच. समुद्राच्या खाऱ्या धुळीवर हे पाणी पडलं की पितळ हिरवं व्हायला वेगळं काही लागत नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास खोली उघडून चषकावर बोट फिरवा, ओल लागली तर कळलंच.

एसी चोवीस तास चालवायचं बजेट नसेल तर तो बंदच ठेवा आणि डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं मशीन) घ्या. पाण्याचा डबा भरला की मशीन बंद पडतं आणि शनिवार-रविवारी डबा ओतायला कोणी नसतं, म्हणून नळी लावून पाणी थेट बाहेर सोडता येईल असंच मॉडेल घ्या. दारं-खिडक्यांच्या फटींना रबरी पट्टी मारा, नाहीतर अख्ख्या अरबी समुद्राला सुकवत बसाल. ५५च्या आसपास सेट करा. अजून खाली नेऊ नका, लाकडी ढाली तडकतात.

आता वस्तूंना हात लावा

आकडा ६०च्या आत येऊन पंधरा दिवस टिकला की मगच.

ट्रॉफ्या: बहुतेक सगळ्या पितळ किंवा जर्मन सिल्व्हरवर पातळ मुलामा दिलेल्या असतात. नॅकची (कॉलेजांना ग्रेड देणारी) टीम येणार म्हटलं की चिंच, लिंबू-मीठ, पितळ घासायची पावडर, टूथपेस्ट, जे हाताला लागेल त्याने घासून लखलखीत करतात आणि प्रत्येक वेळी मुलाम्याचा एक थर जातो. कडांना, अक्षरांच्या उंचवट्यावर आतलं पिवळं दिसायला लागलं की समजा फार घासून झालंय. चिंच-मिठाचं तर अजून वाईट, मीठ खाचेत राहतं आणि तिथूनच हिरवं परत फुटतं. नायट्राइलचे हातमोजे घालून मऊ सुती कापडाने धूळ पुसा, बास. काळपट राहू दे, काळपट थर वस्तू खात नाही, घासणं खातं. प्राचार्यांना पटत नाही हे, पण कोरलेलं नाव वाचता येणं महत्त्वाचं की चमक?

ब्लेझर, जर्सी: सुकलेली बुरशी उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून मऊ ब्रशने झाडा. हेपा फिल्टरचा (बारीक धूळही अडवणारा) व्हॅक्यूम असेल तर नळीच्या तोंडाला जाळी बांधून कमी ओढीवर. साधा व्हॅक्यूम वापरू नका, तो मागून सगळी बी खोलीत परत सोडतो. ड्रायक्लीनला टाकू नका, जरीचा क्रेस्ट आणि जुने रंग सांभाळून धुणारा ड्रायक्लीनर शोधून सापडत नाही. लोकरीला कसर लागली असेल तर पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशावर दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका. फ्रीझर मात्र मासळीचा नको, सुरमईचा वास लागलेला १९६० च्या दशकातला ब्लेझर कोणाला दाखवणार तुम्ही. जर्सीवरचे प्लास्टिकचे नंबर चिकट झाले असतील तर मध्ये सिलिकॉनचा बटर पेपर घालून सपाट ठेवा, घडी नको.

बॉल, पॅड, बूट: कोरडा ब्रश, आणि तेल नाही. खोबरेल तेल लावून चामडं छान दिसतं आणि पुढच्या पावसात बुरशीला आयतं जेवण मिळतं. बुटांचे फोमसारखे सोल दमट हवेत आपोआप भुगा होतात, त्याला घरी उपाय नाही, फोटो काढा आणि ट्रेमध्ये वेगळे ठेवा.

सर्टिफिकेटं: कोरडा ब्रश, सुट्टी पॉलिएस्टरची पाकिटं. लॅमिनेशन नको. ते परत निघत नाही आणि आत अडकलेली बुरशी तशीच राहते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

काचेला चिकटलेला फोटो. जुन्या फोटोचा थर जिलेटिनचा असतो, ओलीने तो विरघळून काचेला चिकटतो. ओढलं की कॅप्टनचा चेहरा काचेवर आणि कोरा कागद तुमच्या हातात. फ्रेमसकट आडवा ठेवा, काच तशीच राहू दे, वरून मोबाईलने किंवा स्कॅनरने इमेज घेऊन ठेवा. चिकट अल्बमचंही तेच, पानासकट स्कॅन करा.

पितळ किंवा ब्राँझवर फिकट हिरवी, भुसभुशीत पूड जी झाडल्यावर काही दिवसांत त्याच टिंबावर परत येते. ते क्लोराइडचं गंजणं आहे, आतून चालू असतं. ती वस्तू जेलच्या डब्यात एकटी ठेवा आणि हात लावू नका.

जुन्या निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास. ती फिल्म सडतेय आणि शेजारच्यालाही सडवते, दुसऱ्या खोलीत हलवा.

शाई पसरलेली सह्यांची बॅट, रंगाचे पापुद्रे सुटलेली ढाल, आणि एका वेळी चटईएवढ्या भागावर किंवा त्याहून जास्त पसरलेली जिवंत बुरशी. शेवटचं आरोग्याचं आहे, हौसेने करायचं नाही.

पुरात किंवा गळतीत फोटो-कागद भिजले असतील तर दोन दिवसांत सुकवा, तेवढं जमणार नसेल तर पिशवीत घालून गोठवा (काचेत मढवलेले सोडून), म्हणजे निदान बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो.

बोर्डातून वास येणं, एमसीबी परत परत पडणं, ओल्या भिंतीतला सॉकेट हे इलेक्ट्रिशियनचं काम, डिह्युमिडिफायर त्या सॉकेटला लावू नका.

वस्तूंसाठी मात्र 'पॉलिशवाला' नाही, कन्झर्व्हेटर, म्हणजे जुन्या वस्तू जपायचं शिक्षण घेतलेला माणूस लागतो. आपल्याला जवळचं म्हणजे मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, तिथे कन्झर्व्हेशन सेंटर आहे. वारसा जपणाऱ्या इन्टॅक ह्या संस्थेच्याही कन्झर्व्हेशन लॅब आहेत, आणि लखनौला केंद्र सरकारची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा. त्यांना मेल करताना "ट्रॉफी खराब झालीय, काय करू" एवढंच लिहू नका. वस्तूचे चारही बाजूंनी फोटो शेजारी पट्टी ठेवून, काय धातू-कापड असावं, डाग पहिल्यांदा कोणत्या महिन्यात दिसला, आधी कशाने घासलंय (खरं सांगा, चिंच असली तरी), आणि तुमच्या मीटरचे महिन्याभराचे आकडे. ते आकडे असले की समोरचा माणूस पहिल्याच उत्तरात कामाचं सांगतो, नसले की पहिलं उत्तर येतं, "आधी मीटर लावा."